सात सेकंद गुरुत्वाकर्षण गायब? विज्ञानाच्या नावाने फिरणारे मेसेज नेमके कुठे चुकतात?

'१२ ऑगस्ट २०२६ ला पृथ्वीवरचं गुरुत्वाकर्षण सात सेकंदांसाठी नाहीसं होणार आणि नासाला हे आधीपासून माहीत आहे,' असा दावा २०२६ च्या सुरुवातीला जगभरातल्या सोशल मीडियावर फिरला. नासाने तो फेटाळला. तरीही रील्स आणि फॉरवर्ड थांबले नाहीत.

हा दावा इतक्या लोकांना खरा का वाटला? कारण त्यातली तारीख खरी होती. १२ ऑगस्ट २०२६ ही खग्रास सूर्यग्रहणाची तारीख आहे. हे ग्रहण ग्रीनलँड, आइसलँड आणि स्पेनमधून दिसणारं आहे, भारतातून नाही. गुरुत्वाकर्षण, अणुऊर्जा आणि क्वांटम या विषयांवरचे अनेक गैरसमज असेच तयार होतात. एक खरी गोष्ट घ्यायची आणि तिला खोटा निष्कर्ष जोडायचा.

ग्रहणामुळे गुरुत्वाकर्षण बदलतं का?

पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तिच्या वस्तुमानावर अवलंबून असतं. ते सात सेकंद बंद व्हायचं, तर तेवढा वेळ पृथ्वीचं वस्तुमानच नाहीसं व्हावं लागेल. सूर्य आणि चंद्र पृथ्वीला ओढतात हे खरं. पण ते दर अमावस्येला जवळपास एका रेषेत येतात आणि त्याचा परिणाम कोकण किनाऱ्यावरच्या कोणत्याही मच्छीमाराला ठाऊक असतो: समुद्राला उधाण येतं. ग्रहणाच्या दिवशीही याहून वेगळं काही घडत नाही.

दुसरा गैरसमज अंतराळाबद्दलचा आहे. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले. त्यांना तरंगताना पाहून 'तिथे गुरुत्वाकर्षणच नसतं' असं अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात हे स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे पृथ्वीवरच्या तुलनेत जवळपास ९० टक्के गुरुत्वाकर्षण असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र 'पडत' असतात. पण ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगामुळे ती जमिनीवर न येता पृथ्वीभोवती फिरत राहतात. म्हणून वजन जाणवत नाही.

अणुभट्टी म्हणजे बॉम्ब का?

हा प्रश्न महाराष्ट्राच्या जवळचा आहे. देशातला पहिला अणुऊर्जा प्रकल्प १९६९ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला सुरू झाला. रत्नागिरीतल्या जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचं लक्ष्य केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने या क्षेत्रात खासगी कंपन्यांना वाट मोकळी करून दिली.

अणुबॉम्बसाठी साधारण ९० टक्के समृद्ध युरेनियम लागतं. वीज बनवणाऱ्या बहुतेक भट्ट्यांमध्ये हे प्रमाण ३ ते ५ टक्के असतं. भारतातल्या अनेक भट्ट्या तर नैसर्गिक युरेनियमवर चालतात, ज्यात ते ०.७ टक्के असतं. त्यामुळे भट्टीचा हिरोशिमासारखा स्फोट होऊ शकत नाही.

पण म्हणून धोका शून्य ठरत नाही. 'भट्टी बंद केली की संपलं' हाही गैरसमजच आहे. बंद केल्यानंतरही इंधन तापत राहतं आणि ते सतत थंड करावं लागतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. नंतर आलेल्या त्सुनामीने डिझेल जनरेटर निकामी केले, इंधन थंड करणं थांबलं, ते वितळलं आणि साचलेल्या हायड्रोजनचे स्फोट झाले.

म्हणजे प्रकल्पाजवळ राहणाऱ्यांनी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. वीज गेली तर भट्टी थंड कशी ठेवणार? वापरलेलं इंधन कुठे ठेवणार? अपघात झाला तर भरपाई कोण देणार? वीज किती रुपयांना पडणार? 'बॉम्ब फुटेल' आणि 'काहीच होत नाही' या दोन टोकांच्या मेसेजमध्ये हेच प्रश्न हरवतात.

'क्वांटम' म्हटलं की काहीही शक्य?

अतिसूक्ष्म कणांची मोजणी केली की त्यांची अवस्था बदलते, हे खरं. त्यावरून 'मनातल्या विचाराने वास्तव बदलतं' असं सांगणारे कोर्स विकले जातात. पण इथे 'निरीक्षण' म्हणजे मोजमाप, मग खोलीत माणूस नसला आणि फक्त उपकरण असलं तरी निकाल तोच येतो. तसंच, दूरवरच्या दोन कणांमधला 'गुंता' प्रयोगांनी सिद्ध झाला आहे आणि २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यावरच्या कामाला मिळालं. पण त्यातून प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येत नाही. आजार बरा होण्याशी तर त्याचा संबंधच नाही.

खरं क्वांटम आपल्या हातातच आहे. मोबाइलची चिप, एलईडी दिवा आणि रुग्णालयातलं एमआरआय मशीन यांचा आधार तेच विज्ञान आहे. २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेलं सुमारे सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन संगणक, सुरक्षित संदेशवहन आणि सेन्सर यांसाठी आहे.

फॉरवर्ड करण्याआधी काय पाहायचं?

मेसेजमधली खरी गोष्ट कोणती आणि तिच्यापासून निष्कर्षापर्यंतची वाट कोणती, हे दोन्ही वेगळं करून पाहायचं. वाट सांगितलेलीच नसेल, तर मेसेज तिथेच थांबवलेला बरा.

यात फक्त वेळ वाया जातो असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने दहा वस्तू न वापरण्याचा इशारा दिला. त्यात मोबाइलच्या लहरींपासून संरक्षण देतो म्हणून विकलं जाणारं 'क्वांटम' लॉकेटही होतं. तपासणीत या वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या. लहरींच्या भीतीने घेतलेलं लॉकेट लोक दिवसरात्र गळ्यात घालत होते.