आधी गरी, मग रीळ

मंडळी, आमच्या कोकणात हल्ली एक नवीन साथ आली आहे. नोकरी संपवून माणूस गावच्या घरी परततो, लहानपणी खाडीवर गरवलेले दिवस त्याला आठवतात आणि पुन्हा गळ हातात घ्यावा असं वाटू लागतं. इथपर्यंत सगळं उत्तम. मग तो दुकानात जातो, किंवा चिरंजीव मोबाईलवरून मागवून देतात. घरात येतो दहा फुटी कार्बनचा रॉड, दहा बेअरिंगांचं रीळ आणि शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक विणलेली दोरी. दोन महिन्यांत सगळं माळ्यावर! आणि गृहस्थ सांगत सुटतात, "छे, आता वयाला झेपत नाही."

वयाला काय झेपत नाही? झेपत नाही ती ही खरेदी. उगाच वयाला बदनाम करू नका.

दुकानदारावर माझा राग नाही, त्याचा तो धंदाच आहे. राग आहे तो महागातलं घेतलं की मासा लागतो, या समजुतीवर. माशाला किंमत वाचता येत नाही हो! त्याला दिसते ती कोळंबी आणि टोचते ती गरी. म्हणून विचार पाण्यापासून सुरू करावा. कुठे बसणार, तिथे कुठला मासा येतो, तो काय खातो, त्याचं तोंड केवढं? त्यावरून गरी ठरते, गरीवरून दोरी, दोरीवरून रॉड आणि शेवटी रीळ. दुकानात हा क्रम बरोबर उलटा असतो.

हे काही माझ्या पदरचं शहाणपण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. बीएला आम्हाला तो माहीत झाला तो जुन्या मराठीच्या उल्लेखांमुळे. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे. माशांच्या जाती, त्यांचं खाणं, गळ टाकून त्यांना धरणं असा सगळा विषय राजाने त्यात मांडला आहे. राजाला पैशाची ददात नव्हती, तरी मासा काय खातो हे त्याला जाणून घ्यावंसं वाटलं. आपण पेन्शनर, आणि आपण बेअरिंगं मोजतो!

आता दोरी. विणलेली दोरी बारीक असून दणकट असते आणि फारशी ताणत नाही, हे मान्य. खोल समुद्रात होडीतून गरवणाऱ्याला किंवा खडपावरून लांब फेकणाऱ्याला ती हवीच. पण खाडीच्या धक्क्यावर समोर वीस हातांवर गळ टाकणाऱ्याला तिचं काय काम? कालवांनी भरलेल्या दगडावर ती घासली की तुटते. ताणली असताना बोटावरून सरकली तर बोट कापते. आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना तिची गाठ दिसत नाही, ते वेगळंच. आपला साधा नायलॉनचा तंगूस बरा. ०.३५ मिलिमीटरचा, साधारण १५ पौंडांचा घ्यावा. तो ताणतो, म्हणून माशाचा झटका सोसतो. उन्हाने कमजोर होतो, तेव्हा वर्षाकाठी बदलावा, एवढंच.

रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, फायबर ग्लासचा पुरे. एसटीत मांडीशी मावतो, आपटला तरी सहसा मोडत नाही. शाळेतली तरफ आठवा. मासा ओढतो टोकाला आणि भार येतो मनगटावर. काठी जितकी लांब, तितका तो भार जास्त. कार्बन हलका असतो खरा, पण त्यातून वीज वाहते. खाडीकाठच्या विजेच्या तारा आणि वळवाचा गडगडाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. तारांखाली कुठलाच रॉड उभारू नये, कार्बनचा तर नाहीच.

आणि रीळ! "साहेब, याचा ड्रॅग पंधरा किलोचा आहे," असं विक्रेते अभिमानाने सांगतात. अहो, १५ पौंडांची दोरी सात किलोच्या आतच तुटते, मग पंधरा किलोचा ड्रॅग काय लोणच्याला घालायचा? दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश इतकाच ड्रॅग लावायचा असतो. म्हणजे दोन किलोच्या आसपास. स्प्रिंगचा साधा काटा दोरीला बांधून तो घरीच बघता येतो. ३००० किंवा ४००० मापाचं, पाच-एक पट फिरणारं साधं रीळ घ्या. जास्त वेगाचं रीळ मासा लागल्यावर फिरवायला जड जातं. बेअरिंगं जितकी जास्त, तितक्या खाऱ्या पाण्याने गंजायच्या जागा जास्त. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. जोराची धार मारली तर मीठ आत जातं.

वाचलेले पैसे चांगल्या गऱ्यांवर घाला. काळुंदराच्या इवल्याशा तोंडाला लहान गरी, जिताड्याला मोठी आणि मजबूत. त्याच्या कल्ल्याची कड दोरी कापते, म्हणून गरीजवळ हातभर जाड तंगूस जोडावा. तांबोशी लागली की दगडात नाहीतर कांदळाच्या मुळांत घुसते, तिथे ढिलाई चालत नाही. फार बारीक दोरी लावून मासा गरीसकट तोडून पळाला, तर तो त्या गरीसह जगतो किंवा मरतो. यात आपली कसली मर्दुमकी?

तुटलेली दोरी खाडीत टाकून येणाऱ्यांना मात्र मी क्षमा करणार नाही. बगळ्याच्या पायाला गुंडाळलेला तंगूस आपोआप सुटत नाही. खिशात घालून घरी आणा आणि बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. हजारोंचा रॉड मिरवणाऱ्याला एवढं जमू नये?

तेव्हा पुतण्यांनो, भाच्यांनो, काकांना वाढदिवसाला रीळ द्यायचं मनात असेल तर आधी त्यांना विचारा, "काका, बसणार कुठे?" आणि जमलं तर एक दिवस बरोबर जाऊन बसा. भरती लागेपर्यंत गप्पा माराव्या लागतात. त्याला रॉड लागत नाही.