थर्माकोल कुठं घालायचं?

टॉप फ्लोअरवर राहणाऱ्यांना हा विषय समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात रात्री दोन वाजता फॅन पाचवर केला की तो फक्त स्लॅबची गरमी खाली ढकलतो. बाकीच्यांनी एक रात्र वर येऊन झोपून बघावं.

विषय निघाला सिंदी मेघेतल्या आमच्या घरावरून. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशातून बांधकाम काढलंय, प्लिंथपर्यंत आलंय. नवीन घरात तळमजल्याच्या काँक्रीटखाली दोन इंच इन्सुलेशन टाकतात असं मी कुठंतरी वाचलं आणि इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणून थाटात साईटवर सांगून आलो. मिस्त्री हसले. म्हणाले, "फरशीखाली थर्माकोल टाकून उन्हाळ्यात झोपाल कुठं, भाऊ?"

तिथं माझी डिग्री संपली. युरोपात जमीन थंड आणि घर हीटरनं गरम केलेलं, म्हणून तिथं फरशीतून उष्णता पळू द्यायची नसते. आपल्याकडे उलटं आहे. बाहेर पारा पंचेचाळीसवर असताना घराखालची जमीन त्याहून कितीतरी गार असते. आजी दुपारी पलंग सोडून फरशीवर पडते ती उगाच नाही. ती गार जमीन आपणच पैसे देऊन तोडायची? फरशीखाली काळी माती काढून मुरूम नीट ठोकून भरला, तेवढं पुरे.

थर्माकोल पाहिजे ते वर. चार इंची उघडा स्लॅब ऊन दिवसभर पितो आणि रात्री आपल्यावर ओकतो. २०१८ च्या इको-निवास संहितेत छताचा यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२ धरलाय. उघड्या स्लॅबचा हिशोब केला तर तो साडेतीनच्या वर जातो, म्हणजे तिप्पट! त्यावर दोन इंच थर्माकोल धरा, आकडा ०.६ च्या आसपास येतो. (हीट ट्रान्सफरची सूत्रं परीक्षेनंतर पहिल्यांदाच वापरली.)

बाबांचं म्हणणं, विटांच्या तुकड्यांचा कोबा करू, सगळेच करतात. कोबा गळती थांबवतो, थोडी गरमीही अडवतो. पण चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. थर्माकोलचं वजन किलोभर. मात्र त्याच्यावर वॉटरप्रूफिंग आणि पांढऱ्या चायना मोझेकचा थर लागतोच, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पाणी शिरून सगळं वाया. जुने लोक गच्चीवर मडकी उलटी मांडून वर गिलावा करायचे. तत्त्व तेच, आत अडकलेली हवा.

आणि ज्यांना हे सगळं पुस्तकी वाटतं त्यांनी दुपारी बापू कुटीत जाऊन बसावं. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला आले, तेव्हा तिथं कूलर नव्हता. आपण तिथून आठ किलोमीटरवर काँक्रीटच्या तव्याखाली राहतो आणि विजेच्या बिलाला शिव्या देतो. मातीचं घर बांधा असं मी म्हणत नाही, बाबा मला घराबाहेर काढतील.

सिव्हिलच्या सरांना मात्र एक विनंती आहे. हॉस्टेलच्या अर्ध्या गच्चीला चुना मारू, अर्धी तशीच ठेवू आणि खालच्या खोल्यांत थर्मामीटर लावू. चुन्याची पोती आणि ब्रश, एवढाच खर्च. मुलं आम्ही देतो.

घरी आमचं भांडण सुरूच आहे. स्लॅब पुढच्या महिन्यात पडणार. कोबा की थर्माकोल हे त्याआधीच ठरवावं लागेल, कारण सळईचं डिझाईन वरच्या वजनावर ठरतं. बाबा सध्या म्हणतात, "बघू."