हेलिकॉप्टरचा वैमानिक घडवायचा कोणी?

२०२५ च्या मे आणि जून महिन्यांत उत्तराखंडातील चारधाम यात्रेच्या मार्गावर हेलिकॉप्टरच्या अपघातांची मालिकाच घडली. ८ मे रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात सहा, तर १५ जून रोजी गौरीकुंडजवळ सात जणांना प्राण गमवावे लागले. हवामान, दऱ्यांमधील उड्डाणांची गर्दी, सरकारी नियंत्रणातील ढिलाई यांची पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हावयासच हवी होती. या अपघातांचा ठपका वैमानिकांच्या शिक्षणावर ठेवण्याचे अर्थातच कारण नाही. परंतु यात्रा, तेलविहिरी, रुग्णसेवा अशा नाना कामांसाठी हेलिकॉप्टरची मागणी वाढत असताना ते चालविणारा माणूस या देशात घडतो कोठे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ‘सैन्यात’ असे द्यावे लागेल. हवाई दलाचा वैमानिक हकीमपेटला, नौदलाचा अरक्कोणमला आणि भूदलाचा नाशिकला हेलिकॉप्टरचे धडे घेतो. वीसएक वर्षे सेवा करून तो निवृत्त होतो आणि मग एखाद्या नागरी कंपनीत रुजू होतो. मुंबईच्या जुहू विमानतळावरून समुद्रातील तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरे बहुतांशी अशाच अनुभवी हातांनी चालविली आहेत. याचा अर्थ असा की, शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीने सोसावयाचा आणि तयार कौशल्य नागरी कंपन्यांनी उचलावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. देशातील नागरी हेलिकॉप्टरांची संख्या अजूनही काही शेकड्यांच्या पलीकडे गेलेली नसल्यामुळे ती आजवर निभावली, इतकेच.

सैन्याच्या वाटेने न जाता हे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणापुढे काय वाढून ठेवलेले असते? व्यावसायिक परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे ही अट दीर्घकाळ चालत आली असून ती सैल करण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली. याखेरीज वैद्यकीय तपासणी, हवामानशास्त्र, मार्गनिर्धारण, विमानवाहतुकीचे नियम आदी विषयांच्या परीक्षा आणि दीडशे तासांचे उड्डाण या पायऱ्या आहेत. शहाण्याने यांतील वैद्यकीय तपासणीची पायरी सर्वांआधी चढावी. रंगांधत्वासारखा दोष शुल्क भरल्यानंतर उघडकीस आला, तर पैसा आणि उमेद दोन्ही वाया जातात.

ज्ञान स्वस्त, तास महाग

यांपैकी पुस्तकी भाग आज कोणालाही साध्य आहे. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाची हेलिकॉप्टर-उड्डाणाची उत्तम पाठ्यपुस्तिका विनामूल्य मिळते. तालुक्याच्या गावी बसूनही ती वाचता येते. अडते ते पुढे. हेलिकॉप्टर चालविताना डावा हात सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी बदलून यंत्र वर-खाली नेतो, उजवा हात त्याला दिशा देतो आणि पाय शेपटीचा पंखा सांभाळतात. एकात केलेला बदल उरलेल्या दोहोंत दुरुस्ती मागतो. जमिनीपासून हातभर उंचीवर यंत्र स्थिर तरंगत ठेवणे हाच नवशिक्याचा पहिला कस असतो. इंजिन बंद पडल्यास खालून येणाऱ्या वाऱ्याच्या जोरावर पाती फिरती ठेवून उतरण्याची विद्याही अंगात मुरवावी लागते. ती पुस्तकाने येत नाही, प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांनीच येते.

हा तास हलक्या विमानाच्या तासाहून कितीतरी महाग पडतो. शिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे रॉबिन्सन कंपनीचे आर-२२ हे दोन आसनांचे लहानसे यंत्र घेतले, तरी त्याची २,२०० तासांनंतर किंवा बारा वर्षांनंतर संपूर्ण उलटापालट करावी लागते. आपल्याकडे त्याचे सुटे भागही आयात करावे लागतात. विद्यार्थी थोडे, म्हणून शाळा थोड्या. शाळा थोड्या, म्हणून तास महाग. आणि तास महाग, म्हणून विद्यार्थी थोडे, असे हे दुष्टचक्र आहे. मग ज्याला परवडते तो परदेशी जातो आणि परतल्यावर तेथला परवाना येथील नियमांनुसार बदलून घेण्यासाठी पुन्हा परीक्षांना बसतो.

परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळालीच असे नव्हे. कंपन्यांना हजारो तासांचा अनुभव हवा असतो. अमेरिकेत नवा वैमानिक आधी त्याच शाळेत शिक्षक होतो आणि इतरांना शिकविता शिकविता आपले तास वाढवितो. आपल्याकडे शाळाच मोजक्या असल्याने ही मधली पायरी जवळजवळ नाही. बंगळूरला २०१० मध्ये सुरू झालेले आभासी उड्डाणयंत्रांचे केंद्र मुख्यतः आधीच वैमानिक झालेल्यांच्या उपयोगाचे आहे.

बाजाराची मर्यादा

मालक शिक्षणावर खर्च का करीत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात दिले आहे. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, त्याचा खर्च पहिला मालक करणार नाही. कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल. तो खर्च शिकणाऱ्यानेच सोसावयाचा. परंतु माणसाचे भावी उत्पन्न तारण ठेवता येत नाही, म्हणून बँक घर वा जमीन मागते. अखेर निवड होते ती हाताच्या कौशल्यावर नव्हे, तर बापाच्या सातबाऱ्यावर.

गरीब देशाने मूठभरांच्या अशा महागड्या शिक्षणावर पैसा का खर्चावा, हा आक्षेप रास्त आहे. खैरात कोणीच मागू नये. परंतु २०१८ च्या केरळातील महापुरात घरांच्या छपरांवरून माणसे हेलिकॉप्टरनेच उचलली गेली. डोंगरी भागातील रुग्णसेवेलाही ते लागते. अशी सार्वजनिक सेवा हवी असेल, तर तिच्या शिक्षणाचा काही भार समाजाने उचलणे क्रमप्राप्तच ठरते. तेल कंपन्या आणि राज्य सरकारे हेलिकॉप्टरे भाड्याने घेतात तेव्हा प्रत्येक करारात काही नवशिक्या सहवैमानिकांना स्थान देण्याची अट घालता येईल. गुणवत्तेवर निवडलेल्यांना ठरावीक वर्षांच्या सेवेच्या बोलीवर सरकारी हमीचे कर्ज देता येईल. पवन हंस ही सरकारी कंपनी विकण्याचे प्रयत्न वारंवार झाले आणि फसले. तिच्याकडील यंत्रे व अनुभवी वैमानिक यांच्या आधारे एखादी शाळा उभी करण्याचा विचार त्याहून अधिक फलदायी ठरला असता.

सैन्याने घडविलेल्या माणसांवर नागरी व्यवसाय किती काळ चालवावयाचा, हे एकदा ठरवावे लागेल. तोवर विनामूल्य पुस्तक वाचणारा तालुक्याचा मुलगा वाचतच राहील, आणि यंत्रापर्यंत पोहोचेल तो ज्याच्यापाशी पैसा आहे तोच.