आढळले नाही

माझं स्पष्ट मत आहे, की 'नोंद आढळली नाही' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार यंत्राला देऊ नये. माणसाला खुशाल द्यावा. कारकुनानं 'फाइल सापडत नाही' म्हटलं, तर 'कुठे शोधलीस रे?' असं त्याला विचारता येतं, आणि निदान पाचांतले तीन कारकून तरी ओशाळतात. यंत्र ओशाळत नाही.

हे मत मी उगाच बनवलेलं नाही. त्याला आमचे अण्णा कारण आहेत. अण्णा आमच्या कचेरीत ३४ वर्षं रेकॉर्डकीपर होते. त्यांच्या खोलीत धूळ होती, झुरळं होती, एक मांजरही होतं. पण दाराशी एक जाडजूड रजिस्टर होतं. कुठला कागद कुठल्या रॅकवर, कुठल्या गठ्ठ्यात, कुणी नेला, कधी परत आणला, सगळं त्यात. या अण्णांनी ३१ मार्च २०१७ रोजी वहिनींच्या ऑपरेशनचं ४२,३०० रुपयांचं बिल भरलं. तोवर कचेरीत 'वर्कफ्लो' आला होता. म्हणजे कागद चालायचा बंद होऊन वाहायला लागला होता. अण्णांनी पडद्यावरचा नंबर आपल्या खिशातल्या वहीत टिपला, पुढे वेळ लिहिली: दुपारी ४.२०. सवय!

पैसे आले नाहीत. २०१९मध्ये अण्णा निवृत्त झाले. पैसे तरीही आले नाहीत. मागच्या वर्षी ते चौकशीला आले, तर पडदा म्हणाला, 'नोंद आढळली नाही.' खिडकीतला तरुण म्हणाला, "आजोबा, तुम्ही भरलंच नसेल." अण्णांनी वही दाखवली. तो म्हणाला, "वहीचं काय, वहीत कुणी काहीही लिहील." ज्या माणसाच्या नोंदीवर आमच्या कचेरीचे कोर्टातले दावे उभे राहिले, त्याला हे ऐकावं लागलं. अण्णा काही बोलले नाहीत. वही खिशात घालून जिना उतरले. मला ते पाहवलं नाही, म्हणून मी कॉम्प्युटर विभागातल्या मुलीपाशी जाऊन बसलो. मुलगी हुशार. "काका, क्वेरी बघू या," म्हणाली.

क्वेरी म्हणजे यंत्राला विचारलेला प्रश्न. तो ज्या भाषेत विचारतात ती एसक्यूएल. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी ती केली. मूळ नाव सीक्वेल, पण ते ट्रेडमार्कच्या भानगडीत अडकलं आणि स्वर गळून तीन व्यंजनं उरली. साध्या माणसालाही प्रश्न विचारता यावा, असा त्यामागचा हेतू होता. हेतू उत्तम असतातच.

तर पहिली गोष्ट. कॉम्प्युटरमध्येही माहिती टेबलावर असते. (फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, हे आपल्या नशिबातून जात नाही ते नाहीच.) तीन वर्षांपूर्वीची निकाली प्रकरणं चालू टेबलावरून उचलून आर्काइव्हच्या टेबलावर ठेवतात. खिडकीची क्वेरी फक्त चालू टेबल बघत होती. पण अण्णांचं बिल निकाली कसं? तर ते ज्या साहेबांपुढे मंजुरीला होतं, ते साहेब त्याच महिन्यात निवृत्त झाले. प्रकरण त्यांच्या नावावर ९० दिवस पडून राहिलं, आणि मग सिस्टीमनं ते आपोआप बंद केलं. बंद म्हणजे पूर्ण, पूर्ण म्हणजे निकाली. पैसे न देता!

मुलीनं दोन्ही टेबलं जोडली. तरी शून्य.

इथे मला खरी मौज कळली. बिलांचे नंबर दरसाल एकपासून सुरू होतात, म्हणून आर्थिक वर्ष सांगावंच लागतं. क्वेरी म्हणत होती, १ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०१७च्या दरम्यान. पण नोंदीत तारखेबरोबर वेळही असते, आणि नुसतं '३१ मार्च' म्हटलं की यंत्र समजतं, ३१ मार्चचा मध्यरात्रीचा ठोका. म्हणजे दिवसाची सुरुवात. पुढचा अख्खा दिवस हिशेबाबाहेर! अहो, ३१ मार्च! ज्या दिवशी आमच्या कचेरीत चहा प्यायला उसंत नसते, तो दिवस या क्वेरीच्या लेखी उगवलेलाच नाही. मुलीनं '१ एप्रिल २०१७च्या आधी' असं लिहिलं.

तरीही अण्णा उगवेनात. क्वेरी प्रत्येक बिल विभागांच्या यादीशी जुळवत होती, आणि ज्याचा विभाग यादीत नाही ते मुकाट गाळत होती. रेकॉर्ड विभाग २०१९मध्येच मोडीत काढून यादीतून खोडलेला. जोडणी बदलली, 'विभाग नसला तरी बिल दाखव' असं सांगितलं, आणि पडद्यावर आलं: ३१ मार्च २०१७, दुपारी ४.२०. वहीतला नंबर, वहीतली वेळ.

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, जुना डेटा बाजूला काढला नाही तर सिस्टीम मंदावते. कबूल! जुनं बाजूला ठेवू नका, असं कोण म्हणतंय? पेशवे दप्तरातले कागदही बाजूलाच ठेवले होते, रुमालात बांधून. म्हणून तर राज्य बुडून शंभर वर्षं उलटल्यावर सरदेसायांना १९३० ते १९३४मध्ये त्यातून ४५ खंड काढता आले. माझं भांडण आर्काइव्हशी नाही, पडद्याशी आहे. क्वेरी शून्य म्हणते तेव्हा तिचं म्हणणं एवढंच असतं, की तुम्ही दाखवलेल्या टेबलावर, तुम्ही घातलेल्या अटींत काही नाही. त्याचं भाषांतर 'आढळली नाही' असं करणारा माणूस असतो, आणि त्यावरून 'तुम्ही भरलंच नसेल' म्हणणाराही माणूसच. 'चालू नोंदींत नाही, जुन्या नोंदी पाहिलेल्या नाहीत' एवढं खरं लिहायला काय खर्च येतो? साहेब म्हणाले, "लोक गोंधळतील." म्हणजे सध्या गोंधळलेले नाहीत!

असो. अण्णांचं बिल पुन्हा वाहायला सोडलंय. मंजुरीला साहेबांपुढेच आहे. नव्वद दिवसांचा नियम अजून तोच. मी रोज सकाळी त्यांच्या केबिनमध्ये डोकावतो, अण्णांना फोन करतो, आणि अण्णा वहीत आकडा लिहून घेतात. आज ६१.