मुखवट्याला सही नसते

आंतरजालावरील बंडखोर हॅकर-गट म्हणजे आजची लघुनियतकालिके, असा एक सिद्धान्त साहित्याच्या चर्चासत्रांतून अधूनमधून ऐकू येतो. दोन्ही प्रस्थापितविरोधी, दोन्ही उद्धट, दोन्ही अल्पायुषी. तेव्हा दोन्ही एकाच कुळातली, असा त्यामागचा युक्तिवाद. तो मांडायला सोपा आहे, विद्यार्थ्यांना आवडणारा आहे आणि मुळातच चुकीचा आहे. साम्य आहे ते आवेशापुरते. उच्चारलेल्या शब्दाची जबाबदारी कोण घेतो, या प्रश्नापाशी आल्यावर ही दोन कुळे एकमेकांकडे पाठ फिरवतात.

महाराष्ट्राच्या भूमीवरचे या प्रकारचे पहिले गाजलेले प्रकरण तुर्भ्याचे. मे १९९८मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि जूनच्या आरंभी ‘मिलवर्म’ नावाच्या गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून ईमेल पळवले, संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचे चित्र चढवले. गटातली मुले किशोरवयीन होती, वेगवेगळ्या देशांतली होती. जगभर मथळे झाले. पण अण्वस्त्रांविषयी त्या मुलांचे म्हणणे काय होते, हे आज कोणाला सांगता येईल? कुलूप तोडल्याची कथा उरली, विचार उरला नाही. पुढे या चळवळीचे जे झाले, त्याचे बीज येथेच दिसते.

दुसरा अंक २०१२चा. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी अनेक संकेतस्थळे सरसकट बंद केली. उत्तरादाखल ‘अ‍ॅनॉनिमस’च्या भारतीय शाखेने मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आणि काँग्रेस पक्षाच्या संकेतस्थळांवर हल्ले केले. एकाच वेळी अगणित मागण्या पाठवून संकेतस्थळ कोलमडवणे, ही त्यांची पद्धत. ९ जूनला मुंबईच्या आझाद मैदानावर गाय फॉक्सचे मुखवटे घातलेले तरुण जमले. त्यांची तक्रार रास्त होती, हे मान्यच करायला हवे. पण दार अडवले म्हणून दुसऱ्याचे दार अडवणे ही युक्ती झाली, युक्तिवाद झाला नाही.

शिवाय ‘आम्ही म्हणजे सर्वजण’ या त्यांच्या घोषणेतले ‘सर्वजण’ कोण होते? पुणे-दौंड लोहमार्गावरचे खुटबाव घ्या. २०१२ साली अशा गावांतल्या बहुतेकांच्या हाती आंतरजाल आलेलेच नव्हते. ते आले स्वस्त मोबाइल डेटाबरोबर, २०१६नंतर. आणि आले तेच ओळखपत्र दाखवून घेतलेल्या सिमकार्डावर. ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला संकेतस्थळ हवे ते सातबारा पाहण्यासाठी. सरकारी संकेतस्थळ कोलमडले की सरकारचे फारसे बिघडत नाही, त्याचा मात्र दिवस बुडतो. सर्वांच्या नावाने बोलणाऱ्या या बंडात खुटबावला जागा होती ती फक्त ताटकळणाऱ्याची.

आता लघुनियतकालिकांकडे वळू. ‘येरू’ राजा ढाले यांचे होते, ‘वाचा’ भालचंद्र नेमाडे यांचे. कोणाशी भांडायचे ते वाचकाला ठाऊक होते. १५ ऑगस्ट १९७२च्या ‘साधने’त ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आला, महाराष्ट्रभर गदारोळ उठला. पण लेखाखाली नाव होते. त्याच वर्षी स्थापन झालेली दलित पँथर पुढे फुटली. तिच्या फुटीचे आरोप-प्रत्यारोपही नावानिशी झाले, म्हणून तर तिचा इतिहास लिहिता आला. ज्या बंडाला सही असते त्याच्या पराभवातूनही पुढच्या पिढीला काही शिकता येते.

येथे एक आक्षेप येईल: दुर्बळाला अनामिकतेचे कवच लागतेच. लागते, यात वाद नाही. गैरव्यवहार उघड करणाऱ्या कारकुनाने नाव सांगावे, असे कोण म्हणेल? पण कवच वेगळे आणि मुखवटा वेगळा. मराठीला टोपणनावाची परंपरा आहेच. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे घेतलेली होती. तरी त्या नावांवर पुण्याई जमली, टीका जमली, उत्तरदायित्व जमले. अ‍ॅनॉनिमसचा मुखवटा मात्र कोणीही घालावा आणि कोणीही नाकारावा असा. त्यावर काहीच जमत नाही.

म्हणूनच त्यांची पडझड केवळ पोलिसांमुळे झाली असे नाही. ‘लुल्झसेक’ या गटाचा म्होरक्या ‘साबू’ २०११ सालच्या जूनपासून अमेरिकेच्या एफबीआयसाठी काम करत होता. मार्च २०१२मध्ये ते उघड झाले, तोवर त्याच्या साथीदारांना पत्ता नव्हता. चेहराच नसेल तर फितुरी ओळखणार कशी? आणि ज्या मुखवट्याने भांडवलशाहीला आव्हान दिले, त्याच्या विक्रीतून टाइम वॉर्नरला हक्कशुल्क मिळत राहिले.

खरा काव्यगत न्याय, की अन्याय, घडला तो पुणे जिल्ह्यात. भीमा कोरेगाव हिंसाचारानंतरच्या एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकात मालवेअरद्वारे बाहेरून कागदपत्रे पेरली गेली, असा निष्कर्ष बचाव पक्षाच्या विनंतीवरून तपासणी करणाऱ्या अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१मध्ये काढला. एनआयएने तो मान्य केला नाही, निवाडा न्यायालयाचा. पण चित्र पाहा. आरोपींत वरवरा राव यांच्यासारखे कवी, नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या शोमा सेन. यांची नावे, चेहरे, पत्ते जगजाहीर. आर्सेनलचे म्हणणे खरे असेल, तर त्या संगणकात शिरलेला हात तेवढा अनामिक. मुखवटा दुर्बळाचे शस्त्र आहे असे सांगणाऱ्यांनी तो पुढे कोणाकोणाच्या उपयोगी पडू शकतो, याचे उत्तर द्यावे.

मग आंतरजालावरचे स्वातंत्र्य लढले कोणी? नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक नोंदीवरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने स्वतःच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्दबातल ठरले. त्यात ना मुखवटा होता, ना थरार. होते ते कंटाळवाणे कागद आणि त्यांखालची सही.

तेव्हा प्राध्यापक मित्रांनो, हॅकर-गट अवश्य शिकवा. पण ‘विद्रोही साहित्या’च्या प्रकरणाचे परिशिष्ट म्हणून शिकवू नका. आज आपल्या वर्गातली मुले निनावी खात्यांवरून होणारा छळ सोसत आहेत, काही तो करतही आहेत. त्यांना आपण मुखवट्याची महती सांगणार असू, तर तो निव्वळ वाङ्मयीन प्रमाद राहत नाही. कोणताही बंडखोर मजकूर समोर आला की खाली नाव कोणाचे आणि ते नसेल तर का नाही, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.