नळातून परतणारे पाणी

नळाचे पाणी जाते त्या क्षणाकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. सकाळची धांदल आटोपलेली असते, पिण्याचे पाणी भरून झालेले असते, आणि मोरीतल्या नळाला लावलेली रबरी नळी बादलीत तशीच पडून राहिलेली असते. तिकडे पालिकेचा कर्मचारी चावी फिरवून पुढल्या विभागाकडे वळतो. धार बारीक होते, नळ दोन-तीन उचक्या देतो, आणि मग त्याच्या तोंडावर बोट धरले तर ते आत ओढल्यासारखे वाटते. हा अनुभव बहुतेक घरांत कोणी ना कोणी घेतलेला असतो. त्याचा अर्थ मात्र फारसे कोणी विचारीत नाही. अर्थ असा की, नळ आता पाणी देत नसून ओढून घेत आहे. बादलीत कपडे भिजत असतील तर ते साबणाचे पाणी नळीवाटे रस्त्यातील वाहिनीत उतरते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर ते कोणाच्या तरी माठात येऊ शकते.

यात चमत्कार काही नाही. पुरवठा थांबला की वाहिनीतील उरलेले पाणी उताराच्या भागाकडे निघून जाते व उंचावरील भागात पोकळी निर्माण होते. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. बादलीतील पाणी मोरीच्या नळापर्यंत चढविणे त्याला मुळीच जड नाही. हा उलटा प्रवास रोखण्यासाठी एक साधी पितळी झडप मिळते. तिला बाजारात ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह’ म्हणतात. घरगुती नळजोडणीस पुरेल अशी ही झडप काही शे रुपयांत येते. ती मीटरनंतर बसवावी, ही गोष्ट जाणत्या नळकारागिराला सांगावी लागत नाही. तरीही पुष्कळ घरांत ती नसते, आणि असते तेथे ती चालू आहे की नाही हे कोणी पाहत नाही.

या दुर्लक्षाची किंमत काय असू शकते, याची परदेशांतील उदाहरणे बोलकी आहेत. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असताना शेजारशेजारच्या दोन हॉटेलांतून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. तेथील जुनाट नळव्यवस्थेत सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांचा संबंध आला होता. सुमारे चौदाशे माणसे आजारी पडली व ९८ दगावली. दुसरी घटना १९६९ ची, मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर गावची. होली क्रॉस महाविद्यालयाच्या मैदानावर फुटबॉलचा संघ ज्या नळाचे पाणी पीत असे, त्याच वाहिनीवर गवताला पाणी घालणारे फवारे जमिनीतील खळग्यांत बसविलेले होते. त्या खळग्यांतल्या पाण्यात काविळीची लागण झालेली मुले खेळली. शहरात आग लागून बंबांनी पाणी ओढले, वाहिनीतील दाब घसरला, आणि खळग्यातील पाणी पिण्याच्या नळात आले. दोन सामन्यांनंतर त्या संघाचा उरलेला हंगाम रद्द करावा लागला.

अशा अनुभवांतून अमेरिकेतील अनेक शहरांनी नियम केले. ज्या घराच्या अंगणात फवाऱ्यांची जोडणी आहे, त्या घरमालकाने उलट प्रवाह रोखणारे यंत्र बसवायचे, परवानाधारक तपासनिसाकडून ते ठरावीक मुदतीने, बहुधा दरवर्षी, तपासून घ्यायचे, आतील स्प्रिंग व रबरी चकत्या झिजल्या असतील तर बदलायच्या, आणि दाखला पाणीखात्याकडे पाठवायचा. खर्च घरमालकाचा. तेथेही त्याबद्दल कुरकुर होतेच. परंतु एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. तिकडे वाहिनी अहोरात्र भरलेली असते. दाब घसरणे हा आग, फुटलेला नळ अशा निमित्ताने घडणारा अपघात होय. आपल्याकडे तो अपघात नसून वेळापत्रक आहे. क्वचित उद्‌भवणाऱ्या धोक्यासाठी ते वर्षाकाठी तपासणी करतात; रोज ठरल्या वेळी उद्‌भवणाऱ्या धोक्यासाठी आपण काहीच करीत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. हुबळी-धारवाडच्या काही विभागांत अखंड पाणीपुरवठा सुरू झाल्यावर संशोधकांनी त्याच शहरातील खंडित पुरवठ्याच्या विभागांशी त्याची तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांवरील सुमारे एक-तृतीयांश नमुन्यांत विष्ठेशी निगडित जंतू सापडले. अखंड पुरवठ्याच्या नळांवर हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. या दोषाचे सारे खापर घरगुती नळांवर फोडता येणार नाही. गटारालगतच्या गळक्या वाहिन्यांतून शिरणारी घाण त्यात आहेच, आणि घरातली झडप तिला अडवू शकत नाही. पण दोहोंमागील कारण एकच, ते म्हणजे रिकामी वाहिनी.

मग एवढी स्वस्त वस्तू लोक का बसवीत नाहीत? अज्ञान हे उत्तर अपुरे आहे. झडपेचा खर्च जो करतो त्याला तिचा लाभ होत नाही. लाभ होतो तो शेजाऱ्याला. उलट, दाब आधीच कमी असलेल्या भागात झडपेमुळे धार आणखी थोडी मंदावते, म्हणून कारागिराला सांगून तिच्यातील पडदा काढून टाकणारे गृहस्थही आढळतात. स्वतःपुरता विचार केला तर त्यांचे गणित चुकलेले नाही. खाजगी खर्च आणि सामाजिक लाभ यांतील अशा तफावतीची शास्त्रशुद्ध मांडणी पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच केली होती, आणि जेथे ही तफावत असते तेथे केवळ सद्‌भावनेला केलेले आवाहन पुरे पडत नाही, हे तेव्हापासून अर्थशास्त्राचे विद्यार्थी वाचीत आले आहेत. नळाला थेट मोटार लावणाऱ्यांची गोष्ट तर याहून विलक्षण. मोटार वाहिनीतले पाणी जबरीने ओढते, शेजारच्या झडप नसलेल्या घरातील बादली त्या ओढीत सापडते, आणि चोरून ओढलेल्या पाण्याबरोबर शेजाऱ्याचे धुण्याचे पाणीही मोटारवाल्याच्या पेल्यात येते. येथे न्याय झाला असे कोणी म्हणेल. पण त्याच पेल्यातून त्याची मुलेही पाणी पितात.

झडप बसविली की काम संपले, ही समजूतही खरी नाही. रस्त्यातील वाहिनीची दुरुस्ती झाली की बारीक वाळू येते आणि पडद्याखाली अडकते. जड पाण्याच्या गावी क्षारांचा पांढरा थर चढतो, रबर कालांतराने कडक होते, स्प्रिंग सैल पडते. अशी अर्धवट उघडी राहिलेली झडप नसल्यासारखीच. सुदैवाने खंडित पुरवठ्याने तपासणीची एक फुकट सोय करून दिली आहे. पाणी जाण्याच्या वेळी मीटरकडे पाहावे. काटा उलटा फिरू लागला तर झडप नीट मिटत नाही हे उघड आहे. मग पुरवठा बंद असताना झडप खोलून, आतील बैठक स्वच्छ पुसून, रबरी चकती बदलून, अंगावरील बाणाची दिशा पाहून ती पुन्हा बसविणे, हे कारागिराचे थोड्या वेळाचे काम आहे. अडचण येते ती झडप भिंतीत किंवा फरशीखाली गाडून टाकलेली असते तेव्हा. याशिवाय दुरुस्तीची मुळीच गरज नसलेला एक उपाय आहे, तो म्हणजे मोकळ्या हवेचे अंतर. नळाचे तोंड भांड्याच्या काठाच्या वर, नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंचीवर असले, तर पाणी उलटे जाऊच शकत नाही. जमिनीखालच्या टाकीत पाणी लवकर पडावे म्हणून तळापर्यंत सोडलेला नळ आणि बादलीत बुडालेली नळी हे अंतर नाहीसे करतात.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. पोकळी निर्माण करते ती पालिका. मग भुर्दंड नागरिकाने का सोसावा? चोवीस तास पाणी द्या, प्रश्न मिटेल. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून अखंड पुरवठा करता येतो हे २००९ च्या सुमारास दाखवून दिले, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. पण मोठ्या शहरांत त्या योजना वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि तोवर पाणी रोज जातच राहणार. तोवरचा मार्ग असा की, मीटरलगतची झडप ही घरमालकाची वस्तू न मानता वितरणव्यवस्थेचाच भाग मानावी. पालिकेने ती बसवावी, मीटरवाचनाच्या फेरीत तपासावी, बिघडल्यास बदलावी, आणि त्याचा अल्प आकार पाणीपट्टीत मिळवावा. दंडाची भाषा येथे निरुपयोगी ठरेल, कारण ज्या खात्याला मीटरचे वाचन नियमित करता येत नाही ते घरोघर झडपा शोधीत फिरणार नाही. वस्तू त्याच्या स्वतःच्या मालकीची असेल तरच तिची नोंद त्याच्या दप्तरात राहील. भाडेकरू आणि घरमालक यांच्यात खर्च कोणी करायचा हा नेहमीचा वादही त्यामुळे उरणार नाही. गृहनिर्माण संस्थांना मात्र पालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. इमारतीच्या रंगकामावर लाखो रुपये मंजूर करणाऱ्या वार्षिक सभेत झडपेचा विषय निघत नाही, इतकेच.

झोपडपट्टीतील नळजोडण्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे कित्येक ठिकाणी बारीक नळांचे जुडगे उघड्या गटारातूनच गेलेले असतात. अशा ठिकाणी झडपेच्या गोष्टी करण्यापूर्वी नळ गटारातून उचलावे लागतील, आणि त्याचा आकार कोणत्याही पाणीपट्टीत त्या रहिवाशांच्या नावे मांडता येणार नाही.