ठोसा आणि अहिंसा



“आजी, बॉक्सिंग शिकलेलं आपल्यात चालतं का?” नातीने विचारलं. तिनेच मला अना जुलाटनचे फोटो दाखवले. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेली ही फिलिपिनो-अमेरिकन मुलगी २००९ मध्ये बॉक्सिंगची डब्ल्यूबीओ विजेती झाली. २०१४ मध्ये ती मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये उतरली, तीही आईवडिलांच्या मुळाकडे, मनिलात, आणि पहिलीच लढत जिंकली.

आपला धर्म श्रावकाला संकल्पी हिंसा सोडायला सांगतो. स्वसंरक्षणातली विरोधी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, हेही मानतो. बक्षिसासाठी मारलेला ठोसा मला संकल्पीच वाटतो. तिच्या लढती मला बघवत नाहीत. तिचा रोजचा सराव मात्र नातीने जरूर घ्यावा.

मी म्हटलं, “शिक, स्पर्धा नको.” हात उगारता येत असून आवरला, तरच ती अहिंसा. नाहीतर ती नुसती भीती.